बत्तिसाव्या पानापुढे

ऐन एप्रिलात रत्नागिरी सोडून कुणी नाशिक जिल्ह्यात फिरायला जात नाही. दारात आंबा येत असताना तर नाहीच नाही. मी गेलो, तीन दिवस राहिलो, घामाने निथळलो, पाय सुजवून परत आलो, आणि आल्यापासून आमच्या आळीत जो भेटेल त्याला सांगतोय की एकदा बागलाणात जाऊन या. लोक विचारतात, तिथे आहे काय? मी सांगतो, कांदा आहे. मग ते माझ्या बायकोकडे बघतात आणि ती मान हलवते. म्हणून एकदाचं नीट लिहून काढतो.

नाशिक, शनिवार

मी तीस वर्षं कॉलेजात ग्रीक नीतिशास्त्र शिकवलं. वर्गात सात-आठ मुलं, त्यातली निम्मी दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेली. शौर्य म्हणजे काय, चांगला माणूस कुणाला म्हणावं, चुकीला माफी कधी आणि शिक्षा कधी, हे सगळं तेवीसशे वर्षांपूर्वी अथेन्सात बसून एका आचार्यांनी मांडलं आणि मी ते खडूने फळ्यावर उतरवलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तेव्हा नाशिकच्या एका संस्थेचं पत्र आलं. चर्चासत्राचा विषय होता 'उपयोजित सत्ताशास्त्र'. नाव भारदस्त असलं तरी काम सांगायला सोपं आहे. जगात कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत, कोण कशाचा प्रकार, कोण कशाचा भाग, हे कॉम्प्युटरला कळेल इतकं चोख मांडायचं. इस्पितळांना, कारखान्यांना, शेतीखात्यांना आता ते लागतं म्हणे. या उद्योगाचं मूळ ग्रीकांपाशी जातं, म्हणून उद्घाटनाला एखादा ग्रीकवाला म्हातारा हवा होता. जाण्यायेण्याचं भाडं देणार होते. मी लगेच हो म्हटलं.

सकाळी नाश्त्याला मिसळ होती, सोबत पापड आणि दही. आमच्याकडे पाहुण्याला सकाळी मऊ भात नाहीतर पोहे देतात, इथे थेट कानातून धूर काढतात. तशाच अवस्थेत मी भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी पहिल्या रांगेत पाय पसरून बसलो.

माझ्यानंतर नीलेश नावाचा तिशीतला इंजिनियर उभा राहिला. त्याचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते, तिथल्याच कॉलनीत तो वाढलेला. तो आणि त्याचे मित्र शेतकऱ्यांसाठी कांद्याची माहिती कॉम्प्युटरवर आणत होते आणि सहा महिने एकाच जागी अडकले होते.

"एकच कांदा उन्हाळ असतो, म्हणजे उन्हाळी पिकाचा, तोच गोल्टी असतो, म्हणजे लहान, आणि तोच कुणी बियाण्याला ठेवलेला असतो," तो सांगत होता. "आम्ही प्रत्येकाचा वेगळा कप्पा केला. मग कॉम्प्युटर विचारायला लागला, हा नक्की कुठे टाकू? शेवटी सटाण्याजवळ एक मॅडम भेटल्या. त्यांनी एका दुपारी सोडवलं. त्या म्हणाल्या, तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेत. वस्तू आहे काय, ती आहे कशी, आणि ती सध्या कोणत्या कामाला लावलीय. तीन फांद्या वेगळ्या करा."

पडद्यावर झाड आलं. स्वच्छ, सुबक, कुठेही ओढाताण नाही. मी मनात वाहवा म्हटलं.

"गंमत म्हणजे हे सगळं त्यांनी बारा वर्षांपूर्वी एम. फिल.च्या प्रबंधात लिहिलं होतं. बागलाणातले लोक बैलाला, कांद्याला, भांड्याला, माणसाला 'चांगला' कधी म्हणतात, त्यावरून. प्रबंध रिजेक्ट झाला. परीक्षकांनी काय लिहिलं होतं माहितीये? 'हे तत्त्वज्ञान नव्हे, ही बाजारहाटाची यादी आहे.'"

सभागृह हसलं. मीही हसलो. आणि हसताहसता माझ्या लक्षात आलं की ते वाक्य माझं आहे.

आता लपवून उपयोग नाही. ते दिवस मुलीच्या लग्नाचे होते. बाहेरच्या विद्यापीठांकडून आलेल्या प्रबंधांचा गठ्ठा कपाटावर पडला होता. आम्हा परीक्षकांची एक जुनी खोड असते: आधी मागची संदर्भसूची उघडायची. सूची भरघोस असली की निम्मं मत तिथेच बनतं. या प्रबंधाला जेमतेम अकरा पुस्तकं होती आणि त्याखाली सटाण्याच्या बाजारात कुणाकुणाशी बोलणं झालं त्यांची नावं. मी नाक मुरडलं, सुरुवातीची बत्तीस पानं वाचली, ते वाक्य सुचलं, आणि ते इतकं आवडलं की तेहेतिसाव्या पानाची गरजच वाटली नाही. अहवाल पाठवला. पुढे कित्येक वर्षं स्टाफरूममध्ये ते वाक्य मी विनोद म्हणून सांगितलं आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी मला चहा पाजला.

चहाच्या सुट्टीत नीलेशला गाठून मी त्या बाईंचं नाव विचारलं. रेखा देवरे. "मुद्दाम जाणार असाल तर फोन करतो ना सर!" असं म्हणून त्याने तिथल्या तिथे मोबाइल लावला. "मॅडम, रत्नागिरीचे एक सर उद्या येतायत. ग्रीक शिकवायचे. तुमचं झाड बघायचंय त्यांना." पलीकडून आलेला आनंदाचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू आला. परीक्षकाचं नाव गुप्त असतं. तिला काहीच माहीत नव्हतं.

देवळा, रविवार

सटाण्याच्या गाडीत खिडकी मिळाली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, आणि रस्त्याला कांद्याचे ट्रॅक्टर लागले. एकामागे एक, मागच्याचं तोंड पुढच्याच्या ट्रॉलीला. आमच्याकडे चातुर्मासात कांदा घरात येत नाही, एरवीही परडीत चार असतात. इथे शेतात ढीग, अंगणात ढीग, रस्त्याच्या कडेला ढीग, आणि वाऱ्याला त्याचाच वास. पहिल्या तासात डोळे चुरचुरले, नंतर नाक सरावलं.

मी मात्र आमच्या आचार्यांशी हुज्जत घालत होतो. अजाणता हातून चूक झाली तर माफी आहे, असं ते म्हणतात. मी जरा सैलावलो. पण दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा असावी, कारण न पिणं त्याच्या हातात होतं, हेही त्यांनीच सांगून ठेवलंय. आणि न वाचणं कुणाच्या हातात होतं? दरवर्षी जुलैत हे शिकवताना मुलांना मी पेंगुळलेल्या ट्रक ड्रायव्हरचं उदाहरण द्यायचो. स्वतःचं कधी सुचलं नाही.

शेजारी देवळ्याचे एक शेतकरी बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर नव्या कुदळीचा दांडा. मला राहवेना. म्हटलं, "समजा एकाकडून दुसऱ्याचं नुकसान झालं. त्याला तेव्हा कळलं नव्हतं. तर दोष किती धरायचा?"

त्यांनी दांड्यावर हनुवटी टेकली. "आता कळलंय का त्याला?"

"हो. काल कळलं."

"मंग जायला पाहिजे ना त्याच्या दारात. नाय गेला तर ही दुसरी चूक. ही काय अजाणता नाय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "लय लांबून आले का तुम्ही?"

आचार्यांचंही हेच म्हणणं आहे, मागाहून वाईट वाटतं का, त्यावर ठरतं. पण त्यांनी इतक्या थोडक्यात सांगितलेलं नाही.

भावडबारीचा घाट उतरून गाडी देवळ्याला थांबली तसा माझा धीर सुटला. पाणी प्यायला उतरतो असं स्वतःला सांगितलं, टपरीवर एक चहा घेतला, दुसरा सांगितला, आणि गाडी निघून जाताना शांतपणे बघत राहिलो. खूप हलकं वाटलं. परतीची गाडी कुठे लागते ते विचारलंसुद्धा. तेवढ्यात हात मोकळे आहेत हे लक्षात आलं. पिशवी गाडीतच राहिली होती. त्यात माझे कपडे, औषधाच्या गोळ्या आणि घरून आणलेला, आता रेखाबाईंसाठी राखलेला आंबावडीचा डबा. भित्र्या माणसाला पळायचं असेल तर त्याने सामान हातात ठेवावं, हा धडा मी देवळ्यात शिकलो.

काळ्यापिवळ्या जीपमध्ये चौदा माणसांत पंधरावा होऊन सटाण्याला गेलो. लोहोणेर-ठेंगोड्याच्या पुलावरून गिरणा दिसली, पाण्यापेक्षा वाळू जास्त. सटाणा स्टँडवर कंडक्टरने पिशवी चौकशीच्या खिडकीशी जमा केली होती. "डब्याला मुंग्या लागल्या व्हत्या, झटकल्या," एवढं बोलून तो गेला. मोटारसायकल घेऊन रेखाबाईंचे यजमान नाना न्यायला आले होते. आता सुटका नव्हती.

गिरणेकाठी, रविवार दुपार

गावाचं नाव सांगत नाही, त्यांना पाहुण्यांचा त्रास नको. घराशेजारी पत्र्याची शेड होती आणि तिथे दहा-बारा बाया गोल करून कांदा निवडत होत्या. पात विळ्याने उडवायची, कांदा बोटांत एकदा फिरवायचा, आणि टोपलीत. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, सहा महिने टिकेल तो एकीकडे, आज बाजारात जाईल तो दुसरीकडे, गोल्टी वेगळी, जोडकांदा वेगळा. हात थांबत नव्हते आणि बोलणंही. रेखाबाई चाळिशीच्या, सुती साडी, कपाळावर घाम, कानावर पेन्सिल. बायांशी त्या अहिराणीत बोलत, माझ्याकडे वळून पुस्तकी मराठीत.

शेडमध्ये फळा होता. त्यावर दिवसाच्या कांद्याची प्रतवारी लिहिली होती आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात: 'बाजारहाटाची यादी'.

मी ते दोनदा वाचलं.

"ते एका परीक्षकांचं वाक्य आहे," त्या हसून म्हणाल्या. "आधी वर्षभर रडले त्याच्यावर. मग शेड झाली तेव्हा म्हटलं, यादी तर यादी. चला, आधी जेवा."

सासूबाईंनी वाढलं. कळण्याची भाकरी, उडदाच्या वासाची, ठेचा आणि शेवेची भाजी. शेव भाजीत टाकून खायची हे मला नवीनच होतं. आमच्याकडे शेव चहाबरोबर असते. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागनं का गुरुजी?" सासूबाईंनी विचारलं. घरी आम्ही चातुर्मासात कांदा खात नाही असं मी बोलता बोलता सांगितल्यावर त्यांचा हात भाकरीवरच थांबला. "कांदा नही खातस? मंग खातस तरी काय?"

सगळे हसले. मला इतकं आपलेपणाने आजवर कुणी हसलं नव्हतं. मनात आलं, गप्प राहावं. झाडाचं कौतुक करावं, आंबावडी द्यावी, संध्याकाळची गाडी धरावी. हिला कधीच कळणार नाही. कळून हिचं भलं तरी काय होणार? इतकी सोयीची युक्तिवादाची वाट सापडली की समजावं आपण खोटं बोलतोय, हेही मी मुलांना शिकवायचो.

हात धुऊन शेडमध्ये आलो. रेखाबाई बायांत बसून निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "फळ्यावरचं वाक्य माझं आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग हातातला कांदा तसाच राहिला. कुठेतरी विळा दगडावर ठेवल्याचा आवाज झाला.

"तुम्ही परीक्षक होतात?"

"हो. आणि आणखी एक आहे. मी प्रबंध पूर्ण वाचला नव्हता. बत्तीस पानं वाचली फक्त. पुढचं उघडलंही नाही."

मी शिव्यांची, निदान रडण्याची तयारी ठेवली होती.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "तिसरं प्रकरण तुम्ही वाचलंच नाही?"

"नाही."

"चौथं?"

"नाही."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. खांदे हलत होते. रडताहेत असं वाटून मी पुढे झालो तर त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. "अहो सर, बारा वर्षं! बारा वर्षं मला वाटतंय, कुणीतरी एका विद्वान माणसाने शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि त्यात काहीच सापडलं नाही. काहीच नाही! मी रात्री उठून तिसरं प्रकरण वाचायचे आणि शोधायचे, की यात इतकं वाईट काय आहे. आणि तुम्ही वाचलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "आई शप्पथ, बरं वाटलं."

मी खाली पोत्यावर बसलो. आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगितली आणि ऐकणारीच्या छातीवरचा दगड उतरला, असं कुठल्याही आचार्यांनी लिहिलेलं नाही.

मग त्यांचा चेहरा बदलला. "नोकरी मात्र गेली. एम. फिल. असतं तर नाशिकला कॉलेजात लागले असते, जागा होती. ते काही नाही झालं असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका," मी म्हटलं.

त्यांनी पुढचा कांदा उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाल्या, "माझ्या तिसऱ्या प्रकरणात आहे की परीक्षक, मजूर, सून हे माणसांचे प्रकार नाहीत. ती कामं आहेत. घातली, काढली. परीक्षकावर मी चिडले होते, आणि त्याचं काम केव्हाच संपलं. तुम्ही माणूस म्हणून आलात." एवढं बोलून त्या उठल्या, घरात गेल्या आणि तपकिरी पुठ्ठ्यात वहीसारखा बांधलेला प्रबंध घेऊन आल्या. "पण सुटका नाही. तेहेतिसाव्या पानापासून बसा."

गिरणेकाठी, सोमवार

रविवारची संध्याकाळची गाडी गेली. नानांनी कडुलिंबाखाली खाट टाकून दिली आणि मी वाचत बसलो. सटाण्याच्या टायपिंग क्लासातल्या जुन्या टाइपरायटरची अक्षरं, 'र' दर ठिकाणी अर्धवट उमटलेला. काय सांगू! बैलबाजारातला दलाल बैलाला 'चांगला' म्हणतो तेव्हा तो बैलाबद्दल बोलतो की नांगराबद्दल, यावर सतरा पानं होती आणि त्यातलं एकही वाक्य फुकट नव्हतं. आमच्या आचार्यांनी सुरीचं चांगलं असणं कापण्यात आहे म्हटलं, तिथून बाईंनी सुरू केलं आणि कुठल्या कुठे नेलं. मी आनंदाने आणि शरमेने वाचत होतो, आणि दर दहा पानांनी सासूबाई येऊन बघून जात. दिवे लागले तेव्हा अंथरुणावर पडलो, शांत झोपलो. उजाडताच पुन्हा सुरू केलं.

शेवटच्या, सत्त्याऐंशीव्या पानावर मी थांबलो. मागे गेलो, एकेचाळिसावं पान काढलं, पुन्हा पुढे आलो. शंका नव्हती. आता प्रश्न असा, की बोलायचं का? बारा वर्षांपूर्वी न वाचता झोडपणारा मी, आज कौतुकच करावं हे शोभलं असतं. पण मग पुन्हा न वाचल्यासारखंच झालं असतं.

शेडमध्ये काम सुरू झालं होतं. मी वही घेऊन गेलो. "रेखाबाई, एक चूक आहे."

हात थांबले. "कुठे?"

"एकेचाळीसवर तुम्ही म्हणता की काम म्हणजे माणसाचा प्रकार नाही, ते घातलं, काढलं. आणि सत्त्याऐंशीवर म्हणता, माणूस चांगला की नाही ते त्याच्या कामावरून ठरतं. मग काम काढून घेतलं तर माणसाचा चांगुलपणा कुठे जातो? आजारी पडलेल्याचा, म्हातारीचा, नोकरी न मिळालेल्याचा? कांद्याला चालेल हे. माणसाला नाही चालणार. तुमच्याच झाडावर ते बसत नाही."

त्यांनी वही ओढून घेतली. एकेचाळीस, सत्त्याऐंशी, पुन्हा एकेचाळीस. ओठ हलत होते. बाया एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटलं, गेलं, सगळं मिळवलेलं घालवलं.

मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि समासात काहीतरी भराभर लिहिलं. लिहून झाल्यावर वर बघितलं. चेहरा एखाद्या मुलीसारखा उजळला होता.

"हे मला कधीच दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "कुणी इथपर्यंत आलंच नाही ना." आणि घराकडे तोंड करून मोठ्याने ओरडल्या, "आई! गुरुजीनी पुरं वाचं!"

आतून भांड्याचा आवाज आला, आणि मला जेवायला बसवायचा सासूबाईंचा हुकूम.

"मंग बठाड त्यासले. भाकर गरम शे."